पडद्यावरचा इंडोनेशिया कोणत्या भाषेत बोलतो

सावोबा नावाचं बेट कुठल्याच नकाशात नाही. 1937 च्या 'तेरांग बुलान' या चित्रपटातले रोहाया आणि कासिम हे प्रेमी या बेटावर राहतात आणि तिथून मलाक्काला पळून जातात. बेटाचं नाव तिघांच्या नावांतून जुळवलेलं आहे. 'सा' पटकथा लिहिणाऱ्या साएरूनचा, 'वो' वाँग बंधूंचा आणि 'बा' दिग्दर्शक अल्बर्ट बालिंकचा. साएरून जावातला पत्रकार, वाँग बंधू शांघायहून आलेले चिनी, बालिंक डच. कथेचा सांगाडा आदल्याच वर्षी आलेल्या हॉलिवूडच्या 'द जंगल प्रिन्सेस'वरून उचललेला. इंडोनेशिया अजून डचांच्या ताब्यात होता आणि सरकारी कागदांवर त्याचं नाव 'नेदरलँड्स ईस्ट इंडीज' असं होतं.

तरीही चित्रपट तुफान चालला, समुद्रापलीकडे मलायातसुद्धा. लोकांना त्यात आपलं असं काय दिसलं? दिसलं फारसं नाहीच. ऐकू आलं मात्र भरपूर. पात्रं मलय बोलत होती आणि नायिका रुकियाह क्रोंचोंग गात होती. क्रोंचोंग हा बंदरांमधला गाण्याचा प्रकार. जकार्ताच्या उत्तरेला तुगू नावाची वस्ती आहे, तिथले लोक पोर्तुगीजांच्या आशियातल्या ठाण्यांवरून, म्हणजे मलाक्का, मलबार आणि आपल्या गोव्याकडूनही, डचांनी आणलेल्या माणसांचे वंशज. छोट्या गिटारीवर छेडली जाणारी त्यांची गाणी हे क्रोंचोंगचं मूळ मानतात. सगळंच बाहेरून आलेलं, आणि तरी 1937 च्या बाताव्हियातल्या (म्हणजे आजच्या जकार्तातल्या) प्रेक्षकाला ते स्वतःचं वाटत होतं.

'राष्ट्रीय चित्रपट म्हणजे काय' हा वाद इंडोनेशियात पंचाहत्तर वर्षं चालू आहे. निर्मात्याचा वंश, दिग्दर्शकाचं नागरिकत्व, कथेचा विषय, झेंडे, गणवेश, भातशेती, ज्वालामुखी असे निकष लावून झाले. माझं मत असं की हे सगळे निकष डोळ्यांचे आहेत. सतरा हजारांवर बेटं आणि सातशेच्या वर भाषा असलेल्या देशाचा पत्ता त्याच्या साउंडट्रॅकवर लवकर लागतो. कोण बोलतंय, कोणत्या बोलीत, आणि तो आवाज नटाचा स्वतःचा आहे का, हे तीन प्रश्न विचारले की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

पहिला चित्रपट मुका होता ही एक मजेशीर गोष्ट. 1926 चा 'लुतुंग कासारुंग' बांडुंगमध्ये तयार झाला. सुंदा लोकांची दंतकथा, दिग्दर्शक ह्यूवेलडॉर्प नावाचा डच, पाठिंबा बांडुंगच्या स्थानिक अधिपतीचा. 31 डिसेंबरला तो बांडुंगच्या थिएटरात लागला. दोनच वर्षांनी, 28 ऑक्टोबर 1928 ला, तरुणांच्या परिषदेत ती प्रसिद्ध शपथ घेतली गेली: एक मायभूमी, एक राष्ट्र, एक भाषा. भाषा म्हणून त्यांनी निवडली मलय, आणि तिलाच नाव दिलं इंडोनेशियन. सर्वांत जास्त लोक बोलत होते जावानीज. पण जावानीज घेतली असती तर बाकीची बेटं बिथरली असती, शिवाय जावानीजमध्ये समोरच्याच्या पायरीप्रमाणे अख्खं वाक्य बदलतं. मलय ही बाजारपेठेची, बंदराची भाषा. फार थोड्यांच्याच घरची, म्हणून सगळ्यांना चालली. हा निर्णय राजकारणाला फार सोयीचा ठरला. चित्रपटाला मात्र त्याने कायमची अडचण करून ठेवली, कारण चित्रपटाला माणसं घरातच दाखवायची असतात.

इंडोनेशियात राष्ट्रीय चित्रपट दिन 30 मार्चला असतो. 1950 साली त्या दिवशी उस्मार इस्माईल यांनी 'दारा दान दोआ' या चित्रपटाचं पहिलं चित्रीकरण पश्चिम जावात केलं आणि 'पेरफिनी' ही त्यांची कंपनी त्याच तारखेची मानली जाते. चित्रपट मंडळींनी ही तारीख 1962 मध्येच ठरवली होती. सरकारी शिक्का बसायला 1999 उजाडावं लागलं. उस्मार पश्चिम सुमात्रातल्या बुकितिंगीचे. जपानी अमलात त्यांनी नाटकं केली, पुढे पत्रकारी केली, डचांच्या तुरुंगात राहिले. सुटल्यावर एका डच कंपनीसाठी 1949 मध्ये 'हार्ता कारुन' आणि 'चित्रा' हे दोन चित्रपट दिग्दर्शित केले. या दोन्हींना ते स्वतःचे मानत नसत, कारण कंपनीची माणसं पटकथेत हात घालत. 'दारा दान दोआ' हा त्यांच्या लेखी पहिला. कंपनी आपली, कलाकार-तंत्रज्ञ आपले, विषय आपला.

विषय होता सिलिवांगी डिव्हिजनची कूच. डिसेंबर 1948 मध्ये डचांनी दुसरा हल्ला केला तेव्हा ही पलटण योग्यकार्ताहून पायी पश्चिम जावाकडे परत निघाली. वाटेत डचांची विमानं होती तशीच इस्लामी राज्य मागणाऱ्या दारुल इस्लामच्या बंडखोरांची गाठही पडली, आणि त्याआधी माडियुनमध्ये कम्युनिस्टांशी आपसातली लढाई होऊन गेली होती. नायक कॅप्टन सुदार्तो शूर-बिर नाही. मनाने हळवा, निर्णयात डळमळीत, बायको असून दुसरीकडे मन गुंतवणारा. लष्करातल्या बऱ्याच जणांना हे झोंबलं. पैसा अर्ध्यावर संपला तेव्हा एका चिनी वंशाच्या थिएटरमालकाने हात दिला. म्हणजे ज्या व्याख्येतून चिनी निर्मात्यांचे वीस वर्षांचे चित्रपट बाजूला काढले गेले, ती व्याख्या ज्यावर उभी आहे तो चित्रपटच चिनी थिएटरवाल्याच्या मदतीने पुरा झाला. उस्मार यांचा मोठेपणा याने कमी होत नाही. व्याख्येचा मात्र होतो.

त्यांचा खरा कस दिसतो 1954 च्या 'लेवात जाम मालाम' मध्ये. पटकथा असरुल सानींची. सुरुवातीला दिसतात फक्त पाय. रात्रीचं बांडुंग, संचारबंदीची वेळ टळून गेलेली, रस्त्यावर एका माणसाचे बूट चाललेत. गस्तीचे सैनिक हाक मारतात, तो पळतो आणि होणाऱ्या बायकोच्या घरात शिरतो. हा इस्कंदर, स्वातंत्र्ययुद्धातून नुकताच परतलेला. होणाऱ्या सासऱ्याने गव्हर्नरच्या कचेरीत लावून दिलेली नोकरी त्याला झेपत नाही. जुना वरिष्ठ गुनावान आता गबर झालाय. युद्धात इस्कंदरने त्याच्या हुकमावरून एक कुटुंब हेर समजून मारलं होतं. ते हेर नव्हतेच, आणि त्यांच्या दागिन्यांवर गुनावानचा धंदा उभा राहिलाय. दुसरीकडे लैला नावाची वेश्या अमेरिकी मासिकातली चित्रं कापून जपून ठेवते: घर, फर्निचर, कपडे. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाचच वर्षांत कुणी स्वतःच्या क्रांतीकडे इतक्या थंड नजरेने पाहिलंय, अशी उदाहरणं आशियात फार नाहीत.

पण डोळे मिटून ऐका. हे बांडुंग आहे, सुंदा प्रदेशाचं मुख्य शहर. त्या शहरात घराघरांत सुंदानीज चालते, आणि शिकलेल्या मंडळींच्या तोंडी त्या काळी डच सर्रास होती. पडद्यावर मात्र जवळजवळ सगळे नीटनेटक्या इंडोनेशियनमध्ये बोलतात. याला मी दोष म्हणणार नाही. उस्मार आणि असरुल दोघंही पश्चिम सुमात्राचे मिनांगकाबाऊ भागातले. त्यांच्या पिढीने इंडोनेशियन ही साहित्याची भाषा घडवली आणि ती अभिमानाने वापरली. नवा देश त्या भाषेत विचार करतोय हेच त्यांना दाखवायचं होतं. फक्त एवढंच की, घरातल्या भांडणाला घराची भाषा नसणं ही सवय इथूनच लागली.

हा चित्रपट आज आपल्याला पाहता येतो तो कसा, तेही सांगण्याजोगं आहे. मिस्बाख युसा बिरान यांनी 1975 मध्ये जकार्तात 'सिनेमातेक इंडोनेशिया' हा संग्रह उभा केला आणि जुन्या कंपन्यांकडची रिळं गोळा केली. विषुववृत्ताजवळच्या दमट हवेत ॲसिटेट फिल्म टिकवणं ही शिक्षाच असते. ओलाव्याने फिल्मच्या पायातून ॲसेटिक ॲसिड सुटू लागतं, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. सुटलेलं ॲसिड शेजारच्या थराला आणखी कुजवतं, त्यामुळे एकदा सुरू झालेला नाश वाढत्या वेगाने होतो. फिल्म आक्रसते, वाकते, कडेची छिद्रं दात्यांवर बसत नाहीत. वरून बुरशी इमल्शन खाते आणि चित्रावर झाडाच्या मुळांसारख्या रेषा उमटतात. उपाय एकच, थंड आणि कोरडी खोली चोवीस तास, आणि त्याचं वीजबिल. 'लेवात जाम मालाम'ची निगेटिव्ह अपुरी आणि बुरशीची होती; जिथे ती साथ देईना तिथे इतर प्रतींतून तुकडे घेऊन बोलोन्याच्या प्रयोगशाळेत चित्रपट जुळवला गेला. सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आणि हॉलिवूडचे दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने पैसा घातला. 2012 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'क्लासिक्स' विभागात तो दाखवला गेला. आपल्या देशाचा सर्वोत्तम मानला जाणारा चित्रपट सिंगापूरच्या पैशातून इटलीत वाचवला जातो, यावर जकार्तात तेव्हा बरीच चडफड झाली, आणि ती योग्यच होती.

पन्नासच्या दशकात थिएटरं मात्र दुसऱ्यांच्या ताब्यात होती. मोठ्या शहरांतल्या चांगल्या थिएटरांत अमेरिकी चित्रपट, आणि उरलेल्यांत मुंबई-मद्रासचे भारतीय व सिंगापूरचे मलय. त्या मलय चित्रपटांचे दिग्दर्शकही बऱ्याचदा भारतीयच: बी. एस. राजहंस, एल. कृष्णन, फणी मजुमदार. नाच-गाणी-अश्रूंच्या या माऱ्यापुढे टिकणं जमेना तेव्हा मार्च 1957 मध्ये इंडोनेशियन निर्मात्यांनी निषेध म्हणून स्टुडिओंना टाळं ठोकलं. भारतीय चित्रपटांची आयात आवरा, ही त्यांची मुख्य मागणी. आपल्याकडे हिंदी चित्रपटाने मराठी चित्रपट खाल्ला अशी तक्रार असते. तोच हिंदी चित्रपट साडेचार हजार किलोमीटरवर जाऊन आणखी एका चित्रपटसृष्टीच्या पोटावर पाय देत होता, हे आपल्या इतिहासात क्वचित येतं.

उस्मार यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे 'तिगा दारा' (1956). कर्जात बुडालेली कंपनी सावरायला केलेला तीन बहिणींचा गाण्यांचा चित्रपट. आजी थोरल्या नातीच्या लग्नाच्या मागे लागली आहे, बस. तुफान चालला. स्वतः दिग्दर्शकाला तो करताना फारसा आनंद नव्हता असं सांगतात. मला विचाराल तर त्या काळच्या शहरी मध्यमवर्गाचं बोलणं, चेष्टा आणि रुसवे 'तिगा दारा'त जास्त जिवंत आहेत. पोटापाण्यासाठी केलेल्या कामात माणूस ओळखीच्या सुरात बोलतो, असं होतं कधी कधी.

डाव्यांचा शोध वेगळ्या दिशेने चालला होता. बाख्तियार सिआगिआन हे उत्तर सुमात्राचे. त्यांचा 'तुरांग' कारो डोंगराळ भागातल्या लढ्यावर, तिथल्याच लोकांना घेऊन केलेला. 1960 च्या राष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला. 1965 मध्ये काही सेनापतींची हत्या झाली आणि लष्कर कम्युनिस्टांवर तुटून पडलं. या उलथापालथीनंतर बाख्तियार यांना खटला न चालवता अनेक वर्षं डांबून ठेवलं, राजकीय कैद्यांच्या बुरू बेटावरही पाठवलं. त्यांचे बहुतेक चित्रपट नाहीसे झाले. 'तुरांग' हरवलाच असं धरून सगळे चालले होते; अखेर एक प्रत रशियातल्या संग्रहात निघाली. देशाच्या शोधातला एक पूर्ण रस्ताच असा खणून टाकला गेला, त्यामुळे आजच्या कुठल्याही निष्कर्षाला थोडी लंगडी बाजू राहणार.

त्यानंतर सत्तेवर आलेल्या जनरल सुहार्तोंच्या बत्तीस वर्षांत राष्ट्र ही गोष्ट माहिती खात्याच्या अखत्यारीत गेली. पटकथा आधी खात्याकडे, मग परवानगी, चित्रीकरण झाल्यावर सेन्सॉर मंडळ. भाषा 'चांगली आणि शुद्ध' हवी असा सरकारी धोशा. आणि याच काळात डबिंगची पद्धत पक्की झाली, जिचा परिणाम फर्मानांपेक्षा खोल गेला असं मला वाटतं. म्हणून जरा थांबून ती पाहू.

कॅमेरे खडखडणारे, आवाज दाबणारं कवच महाग, जकार्ताच्या रस्त्यावर शांतता अशक्य. तेव्हा चित्रीकरण मुकंच करायचं किंवा नुसता अंदाजापुरता आवाज घ्यायचा. संकलन झालं की संवादाचे छोटे तुकडे स्टुडिओत पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि ओठांकडे बघत माइकसमोर संवाद म्हणायचे. बऱ्याचदा पडद्यावरचा नट यायचाच नाही; त्याला दुसरं चित्रीकरण असायचं. मग रेडिओ-नाटकांत तयार झालेले मोजके आवाज एकामागून एक चित्रपट करायचे. तेच थोडे गळे शेकडो चेहऱ्यांना. शेतातला माणूस आणि बंदिस्त खोलीतला माणूस माइकपासून सारख्याच अंतरावर, पाठीमागे हवेचा आवाज नाही, श्वास नाही. ओठ जुळवायचे म्हणून वाक्यं लांबवलेली किंवा चेपलेली. आणि सर्वांत महत्त्वाचं, हेल गेला. पात्र बालीचं असो की मकास्सारचं, आवाज जकार्ताच्या स्टुडिओतला. रेडिओ-नाटकांतल्या अशा आवाजांपैकी मारिया उन्तू यांचा आवाज अख्ख्या देशाला पाठ होता. '21' साखळीच्या थिएटरांत अमुक नंबरच्या पडद्याचं दार उघडलंय असं सांगणारी ती बाई त्याच.

या निर्वात भाषेत राज्यकर्त्यांना हवा तो देश सहज उभा करता येत होता. 1984 चा आरिफिन सी. नूर यांचा साडेचार तासांचा 'पेंगखियानातान जी30एस/पीकेआय' हे त्याचं टोक. 1965 च्या घटनांची सरकारी हकिकत; पीकेआय म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, तो यात खलनायक. दर वर्षी 30 सप्टेंबरच्या रात्री सरकारी दूरदर्शनवर लागायचा, शाळांनी मुलांना दाखवायचा. कारस्थान शिजतंय ते दाखवायला धूर सोडणाऱ्या तोंडांचे अगदी जवळून घेतलेले शॉट्स. तंत्र उत्तम आहे, हीच अडचण. एका पिढीच्या मनात राष्ट्राच्या शत्रूचा आवाज आणि चेहरा या चित्रपटाने भरला. 1998 मध्ये सुहार्तो पायउतार झाल्यावर ते प्रक्षेपण थांबलं. 2017 मध्ये लष्करप्रमुखांनी तो पुन्हा सामुदायिकरीत्या दाखवायला लावला तेव्हा जुना वाद पुन्हा पेटला.

सगळेच चूप बसले होते असं नाही. 1977 च्या महोत्सवात परीक्षकांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार कुणालाच दिला नाही. त्या काळी 'पडद्यावर इंडोनेशियाचा चेहराच दिसत नाही' ही तक्रार समीक्षकांच्या ओठांवर असायची. आणि दोन चित्रपटांनी भिंतीला भोक पाडलं. एक 'नागाबोनार' (1987), पटकथा पुन्हा असरुल सानींचीच. उत्तर सुमात्रातला खिसेकापू स्वातंत्र्ययुद्धाच्या गोंधळात स्वतःला जनरल करून घेतो. साथीदारांना हुद्दे वाटण्याचा प्रसंग पाहा. जणू पानसुपारी वाटावी तसे मेजर, कर्नल वाटले जातात. 'दारा दान दोआ'मधल्या कूच करणाऱ्या पलटणीची ही चुलत भावंडं, पण ती मेदानच्या ठसक्यात बोलतात: तुटक, मोठ्याने, आईला घाबरत. नागाबोनार झालेले देद्दी मिझवार मूळचे जकार्ताच्या बेतावी समाजातले, म्हणजे हा ठसका कमावलेला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. दुसरा 1988 चा 'त्युत न्या धिएन', एरोस जारोत यांचा, सुमात्राच्या उत्तर टोकाच्या आचे प्रांतातल्या रणरागिणीवर. क्रिस्टीन हकीम मुख्य भूमिकेत. कानच्या समीक्षक सप्ताहात गेलेला हा पहिला इंडोनेशियन चित्रपट. त्यात आचेची भाषा आणि डच दोन्ही कानावर पडतात, आणि शत्रूला त्याच्या भाषेत बोलू दिलं की इतिहासाला एकदम वजन येतं हे कळतं.

नव्वदचं दशक थोडक्यात: 1990 ला शंभरावर चित्रपट, मग खासगी वाहिन्या आल्या, लेखक-नट मालिकांकडे गेले, एका गटाच्या मल्टिप्लेक्सनी हॉलिवूडला जागा दिली, खेड्यापाड्यांतली उघड्यावरची थिएटरं बंद पडली. पाऊस आला की पांगायचं, अशी ती थिएटरं. त्यांना नावही तसंच होतं, 'मिस्बार'. 1992 नंतर राष्ट्रीय महोत्सव भरेना, तो थेट 2004 ला पुन्हा सुरू झाला.

या पडझडीत गारिन नुग्रोहो बेटाबेटांवर फिरत राहिले. सुम्बा, आचे, पापुआ, मध्य जावा. त्यांच्या 'ओपेरा जावा'वर (2006) आपण भारतीयांनी जरा थांबायला हवं. मोझार्टच्या अडीचशेव्या जयंतीनिमित्त व्हिएन्नाच्या महोत्सवाने करवून घेतलेला, संपूर्ण गायलेला, रामायणातलं सीताहरण आजच्या जावात. राम मडकी विकतो, रावण खाटीक आहे. रहायु सुपांगाह यांचं गामेलान, म्हणजे जावाच्या पारंपरिक वाद्यवृंदाचं संगीत. यातली सीता, सिती, हिच्या मनात रावणाबद्दल ओढ आहे, हे चित्रपट लपवत नाही. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशात रामायण ही कुणा एका धर्माची मालमत्ता नाही, घरातली जुनी गोष्ट आहे. ते तिथे सांगावंही लागत नाही.

1998 नंतर तरुणांचे जकार्ता-चित्रपट आले, 'अदा आपा दंगान चिन्ता?' (2002) हा त्यातला सर्वांत गाजलेला. सेटवरच आवाज घेणं रुळलं आणि शहरी मुलांची रस्त्यावरची बोली थिएटरात शिरली. काहींना वाटलं हाच नवा राष्ट्रीय सूर. मला तो जुन्याच सवयीचा सुधारित अवतार वाटतो. स्टुडिओची जकार्ता गेली आणि मॉलमधली जकार्ता आली.

खरा पालट पुढच्या दशकात झाला. राष्ट्रीय महोत्सवातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटांची यादीच बघा. 2014 ला 'चहाया दारी तिमुर: बेता मालुकु', धर्मदंगलींनी पोळलेल्या आंबोनजवळच्या मुलांचा फुटबॉल संघ, आंबोनी मलयमध्ये. 2015 ला 'सिती', जावानीजमध्ये. 2016 ला 'अथिराह', मकास्सारची बुगिस गृहिणी. 2018 ला सुम्बा बेटावरची 'मार्लिना'. 2019 ला 'कुचुम्बु तुबुह इंदाहकू', पुन्हा जावानीज. 2022 ला कामिला आंदिनींचा 'नाना', सुंदानीजमध्ये. त्यातल्या भूमिकेसाठी लौरा बासुकीला बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. ज्या बांडुंगच्या चित्रपटात सुंदानीज ऐकू येत नव्हती, त्या प्रदेशाची भाषा अडुसष्ट वर्षांनी राष्ट्रीय पुरस्काराच्या व्यासपीठावर पोचली. राष्ट्र त्याने फुटलं नाही.

यात एक व्यावहारिक घोटाळा राहतोच. जावानीज संवादाखाली इंडोनेशियन सबटायटल येतात आणि पायऱ्या सपाट होतात. आपल्याकडे 'तू'चं 'तुम्ही' झालं की फक्त सर्वनाम आणि क्रियापद हलतं. जावानीजमध्ये ङोको ही सलगीची पायरी सोडून क्रामो या आदराच्या पायरीवर गेलं की 'खाणे', 'घर', 'जाणे' असे शब्दच्या शब्द बदलतात. 'सिती'त पारांगत्रितिसच्या किनाऱ्यावर दिवसा खाऊ विकणारी आणि रात्री कराओके बारमध्ये काम करणारी बाई सासूशी एका पायरीवर बोलते, गिऱ्हाइकांशी दुसऱ्या. अंथरुणाला खिळलेला नवरा तिच्याशी बोलतच नाही, आणि अबोला ही तिसरी पायरी. सबटायटलमध्ये हे सगळं एकाच इस्त्रीने सारखं केलेलं. जकार्ताच्या प्रेक्षकाला स्वतःच्याच देशाचा चित्रपट परदेशी चित्रपटासारखा वाचत पाहावा लागतो, आणि वाचूनही अर्धाच कळतो.

बोलीभाषेच्या या लाटेला नुसती कलात्मक जाग म्हणणं भाबडेपणाचं होईल. पैसा कुठून आला ते पाहा. 'तिलिक' हा अर्ध्या तासाचा लघुपट 2018 चा. 2020 च्या ऑगस्टमध्ये, लोक घरात कोंडलेले असताना, यूट्यूबवर आला आणि देशभर पसरला. ट्रकच्या हौद्यात उभ्या राहून सरपंचीणबाईंना बघायला इस्पितळात निघालेल्या बायका, आणि वाटभर एका तरुण मुलीबद्दल कुजबुज. त्यातल्या बू तेजोचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही. तो शक्य झाला कारण योग्यकार्ता हा विशेष दर्जाचा प्रांत आहे, त्याला केंद्राकडून त्यासाठी वेगळा निधी मिळतो आणि तिथलं संस्कृती खातं त्यातून लघुपटांना पैसा देतं. दुसरं कारण स्वस्त डिजिटल कॅमेरे आणि कॉलर माइक. तिसरं, 'न्गेरी-न्गेरी सेदाप'ने (2022) सिद्ध केलं की तोबा सरोवराकाठच्या बाताक कुटुंबाची गोष्ट तिकीटबारीवरही चालते. आईबाप घटस्फोटाचं नाटक करतात, कारण शहरांत पांगलेली मुलं एरवी घरी येत नाहीत. थोरल्याला सुंदानीज मुलीशी लग्न करायचंय आणि बापाला ते पचत नाही.

अडलेल्या गोष्टीही आहेत. सुमारे अठ्ठावीस कोटींच्या देशात पडदे दोन हजारांच्या आसपास, त्यातले बहुतेक जावातल्या शहरांत. 2009 च्या कायद्याने साठ टक्के प्रदर्शनवेळ देशी चित्रपटांना राखून ठेवला, पण थिएटरवाला शुक्रवारच्या खेळाला गर्दी नसेल तर शनिवारी चित्रपट काढतो, आणि त्याला विचारायला कुणी येत नाही. पापुआची गोष्ट अजून प्रामुख्याने जावाहून गेलेले लोकच सांगतात. 'कुचुम्बु तुबुह इंदाहकू' सेन्सॉरने संमत केला होता, तरी काही शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या प्रमुखांनी तो आपल्या हद्दीत बंद पाडला. वर्षअखेरीस त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार. एकाच देशाची दोन तोंडं एकाच वर्षात बोलली.

आणि निर्मात्याच्या वंशाचा जुना प्रश्न? आज तुफान चालणाऱ्या अनेक चित्रपटांमागे पंजाबी, समतानी, सोराया ही सिंधी मुळांची घराणी आहेत. राम पंजाबींचा जन्म सुराबायाचा. त्यांच्या नात्यातले मनोज पंजाबी यांच्या कंपनीचा भयपट 'केकेएन दी देसा पेनारी' 2022 मध्ये नव्वद लाख प्रेक्षकांच्या पुढे गेला. भुतं जावाची, श्रद्धा-भीती जावाची, भांडवल सिंधी. उस्मारांच्या व्याख्येत हे कुठे बसवायचं? बसवायची गरज आता कुणाला वाटत नाही, आणि ते बरंच आहे.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी 'लेवात जाम मालाम', 'नागाबोनार' आणि 'न्गेरी-न्गेरी सेदाप' एवढे तीन आधी पाहावेत, याच क्रमाने. पहिल्यांदा सबटायटल लावून पाहा. मग जेवणाच्या टेबलावरचा किंवा भांडणाचा एखादा प्रसंग निवडा, सबटायटल बंद करा आणि तो पुन्हा लावा. एकही शब्द कळला नाही तरी चालेल. वाक्यं केवढी आहेत, लोक एकमेकांचं बोलणं तोडतात का, खोलीचा, रस्त्याचा, भांड्यांचा आवाज येतो का, बाप बोलताना पोरांचा आवाज खाली येतो का, एवढंच टिपायचं. पहिल्या चित्रपटात माणसं आळीपाळीने बोलतात. तिसऱ्यात सगळे एकदम.